बारा कुकीज आणि एक कातण: खालच्या मजल्यावरच्या काकूंना आभाराचे पत्र

आदरणीय काकू,
सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी दारात उभ्या उभ्या तुमचे आभार मानले, पण तेवढ्याने माझे समाधान झाले नाही. शिवाय तुम्ही शिकवलेले माझ्यासारख्या, दोन माणसांच्या घरात कुकीज करू पाहणाऱ्या इतरांच्याही उपयोगी पडावे, म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल असे लिहीत आहे.

बाबांचे लहानपण पुरंदर तालुक्यात अंजिराच्या बागेत गेले. २०१६ साली पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा त्या बातमीचे कात्रण त्यांनी कपाटात जपून ठेवले. आता दिवे घाट चढून गावी जाणे त्यांना झेपत नाही, आणि उन्हाळ्यात मीठा बहाराची (म्हणजे उन्हाळी हंगामाची) अंजिरे पुण्यात आली तरी पिकलेले फळ दोन दिवसांपलीकडे टिकत नाही; म्हणून त्याचे सारण भरून कुकीज कराव्यात, असे माझ्या मनात आले. दोनदा करून पाहिल्या, पण दोन्ही वेळा कुकीज फुटून सारण ट्रेवर करपले. दुसऱ्या वेळचा जळका वास जिन्यातून तुमच्यापर्यंत पोचला आणि तुम्ही हातातले काम टाकून वर आलात.

तुमचा पहिलाच प्रश्न होता, "खाणारी माणसे किती?" मी चाळीस कुकीजचे प्रमाण घेऊन बसले होते. तुम्ही ते बाजूला ठेवायला लावून १२० ग्रॅम मैदा, ६० ग्रॅम थंड लोणी, ३५ ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ आणि दोन-तीन चमचे गार दूध एवढेच काढलेत. बारा कुकीज एका ट्रेमध्ये बसतात, लोणी वितळायच्या आत सगळे लाटून होते आणि चुकलेच तर फार काही वाया जात नाही, हे तुमचे म्हणणे मला लगेच पटले.

खरी शिकवण मात्र सारणाची होती. पाव किलो अंजिरांचे देठ कापताना निघणारा पांढरा चीक तुम्ही आधी पुसून घ्यायला सांगितलात, मग फोडी, ४० ग्रॅम साखर आणि चमचाभर लिंबाचा रस जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवलात. मी दहा मिनिटांत गॅस बंद करायला निघाले होते. तुम्ही माझा हात धरून थांबवलेत. सारणात राहिलेल्या पाण्याची भट्टीत वाफ होते आणि तीच पारी फोडून बाहेर पडते, हे कारण मला तोवर कोणी सांगितले नव्हते. उलथन्याने पातेल्याच्या तळाशी रेघ ओढली की ती क्षणभर तशीच राहिली पाहिजे, आणि गार ताटलीवर टाकलेला ठिपका ताटली तिरकी केली तरी ओघळता कामा नये, या दोन खुणा तुम्ही मला करूनच दाखवल्यात. त्या मधाळ, तांबूस सारणात चमकणाऱ्या बिया अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत. ते पूर्ण गार होईपर्यंत पिठाचा उंडाही अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायला लावलात.

त्यानंतर तुम्ही घरून कातण, म्हणजे करंजीची कड कापायचे नक्षीदार चाक, आणलेत. कुकीजना करंजीचा आकार देता येईल, हे मला सुचलेच नसते. पारीच्या मध्यावर जेमतेम चमचाभर सारण ठेवायचे, कडेला दुधाचे बोट फिरवायचे, पारी दुमडून आतली हवा हलकेच दाबून काढायची आणि मग कातणाने कड कापायची. वर सुरीच्या टोकाने एक बारीक चीर द्यायची, म्हणजे वाफेला वाट मिळते. आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १७० अंशांवर सोळा मिनिटांत बाराही कुकीज कडेने बदामी झाल्या. एकही फुटली नाही.

बाबांनी पहिली कुकी दोन्ही हातांत धरून बराच वेळ नुसता वास घेतला. मग म्हणाले, "पाटीत अंजिराची पाने अंथरायचो, त्यांची आठवण झाली." दुसऱ्या दिवशी सारणाचा ओलावा पारीत मुरून कुकीज मऊ पडल्या, तेव्हा तर दातांच्या त्रासामुळे एरवी बिस्किटांना हात न लावणाऱ्या बाबांनी तीन खाल्ल्या. तुमच्या त्या एका दुपारचे मोल माझ्या घरात किती आहे, हे तुम्हाला कळावे म्हणून हे मुद्दाम लिहिले.

काल मी एकटीने पुन्हा बारा केल्या. त्यांतल्या सहा या पत्रासोबतच्या डब्यात आहेत, आणि तुमचे कातण धुऊन, कोरडे करून त्यांच्याशेजारी कागदात गुंडाळून ठेवले आहे.

तुमची कृतज्ञ,
वरच्या मजल्यावरची शेजारीण