गाळा विकायच्या आधी

कोथरूड, पुणे
रविवार दुपार

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

पाकीट बघून आई आधी घाबरेल, म्हणून पहिल्या ओळीतच सांगते, इकडे सगळे बरे आहेत. पत्र लिहायचं कारण एवढंच की फोनवर हा विषय निघाला की बाबा "बघू की" म्हणतात आणि फोन आईकडे देतात. मग आई मला विचारते, कोबी काय भावानं मिळाला. या महिन्यात तीनदा झालं असं. कागदावर मला मध्येच कुणी कोबी विचारणार नाही.

छोटूनं मला सगळं सांगितलंय. सांगलीच्या गणपती पेठेतला आपल्या भांड्यांच्या दुकानाचा गाळा विकायचा आणि त्या पैशात पुण्यात बाणेरला कॅफे टाकायचा. (भाऊ अठ्ठावीस वर्षांचा बाप्या झाला, त्याला छोटू म्हणायचं आता आपण सगळ्यांनीच थांबवायला हवं, पण ते राहू दे.)

बाबा, दिवाळीत तुम्ही मला विचारलं होतंत, "पुण्यात रोज एक नवीन हॉटेल निघतं म्हणे, माणसं खातात तरी किती?" तेव्हा मी हसले होते. प्रश्न हसण्यासारखा नव्हता. गेली नऊ वर्षं मी अशाच हॉटेलवाल्यांचे जीएसटीचे हिशेब लिहिते. त्यांचं उद्घाटन मला पेढ्यांवरून कळतं आणि बंद पडल्याचं कळतं ते फोन उचलायचे थांबतात तेव्हा.

आमच्याच इमारतीचं घ्या. जुनी सोसायटी पाडून नवी उभी राहिली तेव्हा बिल्डरनं खाली रस्त्याकडेनं चार गाळे काढले. कोथरूडला आता गल्लोगल्ली हेच चाललंय, त्यामुळे गाळे आधी तयार होतात आणि त्यात काय टाकायचं ते मागून ठरतं. कोपऱ्यातल्या गाळ्यात पहिल्यांदा शोरमा आला. तो गेला, मोमोज आले. मोमोज गेले, चहाची फ्रँचायझी आली. प्रत्येक वेळी नवं फर्निचर, नवे दिवे, दारात फुग्यांची कमान. शेजारच्या गाळ्यात एक काकू पोळी-भाजी केंद्र चालवतात. सकाळी अकरा ते दोन आणि संध्याकाळी सहा ते नऊ, एरवी शटर खाली. फर्निचर म्हणाल तर एक टेबल. त्या अजून आहेत. आणि गंमत अशी की पोळी-भाजी केंद्र काढतो असं आजवर मला एकाही नवख्या माणसानं सांगितलेलं नाही.

मेट्रो आली की धंदा वाढतो, असं छोटू म्हणतो. 2022 च्या मार्चमध्ये वनाजपासून गरवारे कॉलेजपर्यंत गाडी सुरू झाली, पण त्याआधी कित्येक वर्षं कर्वे रस्त्यावर पत्रे ठोकलेले होते. गाडी लावायला जागा नाही म्हटल्यावर गिऱ्हाईक दुसरीकडे वळलं. माझ्याकडे हिशेबाला असलेलं एक होजिअरीचं दुकान त्यातच बसलं. आता मेट्रो धावते, पण ती डोक्यावरून. आतला माणूस मोबाईलमध्ये बघतो, खालच्या पाट्या कोण वाचतंय! स्टेशनच्या जिन्यापाशी मात्र वडापाव, ज्यूस, मोबाईलची कव्हरं जोरात चालतात. मोक्याची जागा म्हणजे तो जिना, आणि त्याचं भाडं छोटूच्या वहीत नाही.

सदाशिव पेठेत वेगळीच तऱ्हा. वाडे गेले, खाली दुकानं आणि वर अभ्यासिका झाल्या. स्पर्धा परीक्षेची पोरं दिवसभर पुस्तकात आणि दोन वेळा खानावळीत. त्यांच्या खिशाला परवडेल तेवढंच तिथं चालतं. जुनी अमृततुल्यं बाबांना आठवत असतील, राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी चालवलेली, पितळी भांड्यात आलं-वेलदोडा घातलेला चहा. आता पाट्यांवर तो शब्द दर दहा दुकानांमागे दिसतो, चहा मात्र थर्मासमधून येतो.

बाणेर-बालेवाडीला मी मुद्दाम मागच्या शनिवारी संध्याकाळी जाऊन आले. दिवे, गर्दी, सगळं आहे, खोटं कशाला बोलू. हिरव्या रंगाचा जपानी चहा आहे, कोरियन शेवया आहेत, थालीपिठावर चीज घालून त्याला भलतंच नाव दिलेलं आहे. पाट्या मराठीत हव्यात असा 2022 पासून सगळ्या दुकानांना नियम आहे, 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानंही दोन महिन्यांची मुदत दिली. तर पाट्या मराठीत झाल्या, म्हणजे इंग्रजी नाव देवनागरीत लिहून मोकळे. 'द' हे अक्षर एवढं मोठं की आई दत्ताचं देऊळ समजून हात जोडेल. मंगळवारी दुपारी तीन वाजता मी पुन्हा गेले. पहिल्या पाच कॅफेंत मिळून सात माणसं होती आणि त्यातली दोन वेटर. छोटू पुण्यात येतो तो शनिवारी-रविवारी.

आता हिशेब, बाबांच्या भाषेत. नाव सांगत नाही, पण माझ्याकडे बाणेरचाच एक कॅफे आहे. जागा 420 चौरस फूट, भाडं महिना 85,000. त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 15,300. तुम्ही म्हणाल, भरलेल्या टॅक्सची आपल्या टॅक्समधून वजावट मिळते की. दुकानाला मिळायची. हॉटेल गिऱ्हाइकाकडून 5 टक्के घेतं त्याला वजावट नाही, म्हणजे ते 15,300 दर महिन्याला गेलेच. दोन्ही मिळून रोजचे साधारण 3,350. कपामागे दूध, कॉफी, पगार, वीज जाऊन साठ रुपये उरतात असं धरलं, तर रोजचे पहिले 56 कप घरमालकासाठी. आपला पहिला कप सत्तावन्नावा. पावसात, पितृपक्षात आणि मंगळवारी दुपारी तीन वाजतासुद्धा.

घरपोच पाठवणारी ॲपं आहेत की, असं छोटू म्हणेल. याच कॅफेचा करार 25 टक्क्यांचा आहे. दोनशेच्या ऑर्डरमागे पन्नास रुपये कमिशन, वर त्या कमिशनवरचा 18 टक्के टॅक्स नऊ रुपये. एकशे एक्केचाळीस हातात येतात, त्यातून डबा, पिशवी, चमचा आपला. बाबा, तुम्ही पातेल्यामागे दहा रुपये सोडायचे तर आदल्या पिढीपासूनचं गिऱ्हाईक आहे का ते बघायचात.

आता जी गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नव्हती, ती सांगते. तीन वर्षांपूर्वी एक नवराबायको माझ्याकडे आले होते, वडिलांच्या पीएफचे पैसे घेऊन. साधी पण नीट माणसं. कागद बघून मीच म्हणाले, "आकडे जमतायत." चौदा महिन्यांत टाळं लागलं. नंतर वही काढून बघितली, तर चूक माझी होती. मी सरासरी काढून बारा महिने सारखे धरले होते. जुलैचा पाऊस, श्रावण, परीक्षांचा महिना, काही धरलं नव्हतं. त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. फ्रीज, ओव्हन, खुर्च्या जुन्या सामानवाल्यानं एका टेम्पोत नेल्या, चौथाईनंसुद्धा नाही. पुढच्याच महिन्यात त्यातल्या खुर्च्या मी दुसऱ्या एका उद्घाटनात ओळखल्या. पाठीवर पिवळी फुलं होती. मी तिथले पेढे खाल्ले नाहीत.

त्यामुळे यावेळी माझ्या भावाचा कागद आलाय तर मी "जमतंय" म्हणणार नाही. पण नुसतं "नको" म्हणायलाही मन होत नाही, कारण पोराची कल्पना वाईट नाही. सांगलीचं भडंग, तासगावचे बेदाणे घातलेला चिवडा, आपल्या हळदीचं गरम दूध, हे नीट मांडून द्यायचं. पुण्यात हळदीचं दूध दोनशे रुपयांना पितात, मी स्वतः बघितलंय. (भडंगाची वाटी तो 180 ला लावणार आहे. बाबा, आधी पाणी प्या.)

आणि गाळ्याबद्दल त्याचं म्हणणंही चूक नाही. 2005 ला पाणी आलं, 2019 ला आयर्विन पुलाशी 57 फुटांवर गेलं, 2021 ला पुन्हा. नदी परत येणार हे त्याला कळतं, तर ते आपण नाकारून कसं चालेल? 2019 नंतर तुम्ही पंधरा दिवस एकेक तांब्या, एकेक डबा चिखलातून काढून धुतलात, आणि नाव घालायचं मशीन उघडून वाळवलंत, ते त्यानं बघितलंय. तो तेव्हा कॉलेजात होता आणि बादल्या त्यानंच ओढल्या. मी पुण्यात होते, रस्ते बंद म्हणून चार दिवस येता आलं नाही. तेव्हा गाळ्याची माया मी त्याला शिकवू नये.

विकायचा तर विकू. पण तो पैसा बाणेरच्या भाड्यात घालू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. सांगलीतच विश्रामबागेकडे पाणी न येणारी लहानशी जागा बघू. शंभर फुटी रस्त्यावर आता कॅफे निघालेत ते तुम्हीच फोनवर सांगता, म्हणजे सांगलीतही बसून कॉफी पिणारं गिऱ्हाईक आहे. चितळ्यांचं बघा. आपल्या भिलवडीला दुधाचा धंदा 1939 चा, पुण्यातलं मिठाईचं दुकान 1950 चं. आधी अकरा वर्षं गावाकडं दूध, मग पुणं. आणि दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवूनही जम बसला, ते तीन तास उघडायला 2017 उजाडलं. अर्थात तो नशिबाचा आणि काळाचाही भाग असणार, आज कुणी दुपारी शटर ओढलं तर लोक शेजारी जातील.

दुसरी गोष्ट. छोटूला सहा महिने माझ्याकडे पाठवा. कोथरूडला माझे एक हॉटेलवाले आहेत, त्यांच्याशी बोलून ठेवलंय. सोळा हजार पगार, सकाळी सातला हजर, आणि पहिला महिना भांडी. भांड्यांच्या दुकानातला पोरगा, भांडी घासायला लाजायचं काय कारण? त्याला मी हे अजून सांगितलेलं नाही, कारण माझ्याकडून ऐकलं की तो चिडेल. बाबांनी सांगितलं तर तोंड वाकडं करेल पण येईल. फर्ग्युसन रस्त्यावर वैशाली हॉटेल आहे ना, तिचे जगन्नाथ शेट्टी 2023 मध्ये गेले. तेही कोवळ्या वयात नातेवाइकाच्या हॉटेलात राबूनच वर आले होते. हे मात्र त्याला सांगू नका, लगेच स्वतःला शेट्टी समजेल.

सहा महिन्यांनी त्याला अजूनही हेच करायचं असेल, तर मी माझ्या साठवणीतले दोन लाख घालीन. ह्यांना विचारलंय, हो म्हणालेत. आईनं उगाच मध्ये पाटल्या काढू नयेत. आई, हे तुला आहे, मला माहिती आहे तू काय ठरवून बसली आहेस ते.

शुक्रवारी रात्री पोचते. जेवायला थांबू नका, गाडीला उशीर होतोच. माळ्यावर दुकानाच्या वह्या आहेत त्या तेवढ्या खाली काढून ठेवा, निदान पुरातून वाचलेल्या. मला रोजचा गल्ला बघायचाय, महिन्या-महिन्यानं. लग्नसराईत किती, आषाढात किती, गौरी-गणपतीला किती. शनिवारी सकाळी छोटूला शेजारी बसवून त्याच्याकडूनच ते आकडे उतरवून घेणार आहे. बाबांनी फक्त समोर खुर्ची टाकून बसावं आणि आषाढात काय काय केलंत ते विचारलं तर सांगावं.

सौ. आईस वेगळा नमस्कार, गुडघ्याला तेल लावतेस का?

तुमची,
ताई

ता. क. हे पत्र छोटूला वाचायला द्यायला हरकत नाही, पण भांडी घासायचं वाक्य आधी खोडा. आणि कोबी चाळीस रुपये किलो.