मशीन शॉपच्या कूलंटला आधी बरं पाणी द्या: उद्योगमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. उद्योगमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: लघुउद्योगांच्या मशीन शॉपसाठी मऊ पाणी आणि वापरलेलं कूलंट गोळा करण्याची सामायिक सोय

महोदय,

सप्रेम नमस्कार.

भोसरी एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. चाकणच्या मोठ्या कारखान्यांना माल पुरवणाऱ्यांचं जॉबवर्क आम्ही करतो. आपल्यासमोर वीज, रस्ते, जीएसटी हे विषय नेहमी मांडले जातात आणि ते मांडायलाच हवेत. पण धातू कापताना टूल थंड ठेवण्यासाठी मशीनच्या टाकीत दिवसभर फिरणाऱ्या दुधाळ कूलंटबद्दल कुणी आपल्याकडे काही मागितल्याचं माझ्या ऐकिवात नाही. म्हणून हे पत्र.

या कूलंटमध्ये साधारण ९५ टक्के पाणी असतं आणि ५ टक्के सोल्युबल ऑइल, म्हणजे पाण्यात मिसळणारं तेल. कापताना टूलच्या, म्हणजे धातू कापणाऱ्या हत्याराच्या, टोकाला जी प्रचंड उष्णता होते ती पाणी ओढून घेतं, तेल घर्षण कमी करतं आणि गंज धरू देत नाही. टूलवर पाण्याची जोरदार धार सोडली तर कापण्याचा वेग सुमारे ४० टक्क्यांनी वाढवता येतो, हे अमेरिकी अभियंते फ्रेडरिक टेलर यांनी १९०७ सालीच मांडलं होतं. तरी आजही आम्ही तेलाच्या ब्रँडवर तासभर घासाघीस करतो आणि त्यात बोअरचं पाणी ओततो.

खरं दुखणं इथेच आहे. तेल पाण्यात टिकतं ते साबणासारख्या रसायनांमुळे. पाणी जड, म्हणजे क्षारांचं, असेल तर त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम या रसायनांना धरतं, चिकट साका तयार होतो आणि तेल सुटून वर येतं. बोअरच्या पाण्यात कपड्यांच्या साबणाला फेस येत नाही, तोच हा प्रकार. आता हिशेब बघा. टाकी २०० लिटरची. उन्हाळ्यात त्यातलं १० लिटर पाणी रोज उडून जातं असं धरू. वाफ होते ती पाण्याची, क्षार टाकीतच राहतात. तेवढंच जड पाणी रोज वरून घालत गेलं की वीस दिवसांत आणखी २०० लिटर पाण्यातले क्षार टाकीत जमा होतात. ३०० पीपीएमचं (दहा लाख भागांत ३०० भाग क्षार) पाणी ६०० वर गेलेलं असतं. मग तेलवाला म्हणतो मिश्रण चुकलं, ऑपरेटर म्हणतो तेलच खराब आहे.

असं अर्धवट फुटलेलं कूलंट जिवाणूंना आयतंच मिळतं. त्यावर स्लाइडवे (मशीनचे सरकते मार्ग) आणि हायड्रॉलिकचं गळकं तेल तरंगतं, हवा खाली पोचत नाही, आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड करायला लागतात. आमच्याकडे सुट्टी गुरुवारी. शुक्रवारी सकाळी पंप सुरू केला की सडक्या अंड्याचा वास अख्ख्या शेडभर पसरतो. पीएच (आम्ल-अल्कतेचा आकडा) साडेआठ-नऊच्या खाली घसरलेला असतो, तयार जॉबवर संध्याकाळपर्यंत तांबूस ठिपके दिसतात. काही ठिकाणी वास मारायला चक्क फिनाइल ओततात.

त्याच कूलंटमध्ये माझ्या सेटरचे, म्हणजे मशीनवर जॉब लावणाऱ्या कामगाराचे, हात दिवसभर असतात. बोटांच्या बेचक्यांतली कातडी आधी पांढरी पडते, मग चिरते, आणि चिरेत धातूचा बारीक बुरा जातो. हातमोजे फिरत्या स्पिंडलजवळ घालता येत नाहीत, कारण मोजा अडकला तर बोट जातं. श्वासातून जाणारे कूलंटचे तुषार तर दिसतही नाहीत. बर्मिंगहॅमच्या लाँगब्रिज इंजिन कारखान्यात २००३-०४ च्या सुमारास अनेक कामगारांना दमा आणि फुप्फुसांचे आजार झाले, आणि त्याचा संबंध दूषित कूलंटच्या तुषारांशी जोडला गेला. कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकेच्या एनआयओएसएच या संस्थेने १९९८ मध्येच हवेतल्या अशा तुषारांसाठी घनमीटरला अर्धा मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली होती. आमच्या गल्लीत हे मोजायला कुणी आलेलं मी पाहिलेलं नाही.

कूलंट खराब झालं की ते फेकायचं कुठे? २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार असा तेलकट कचरा साधारण ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. नियम योग्यच आहे. पण माझ्याकडे निघतात एक-दोन पिंपं, आणि तेवढ्यासाठी गाडी यायला तयार नसते. नदीत सोडायच्या सांडपाण्यात सीओडी (घाण कुजवायला लागणाऱ्या ऑक्सिजनचं माप) लिटरला २५० मिलिग्रॅमच्या आत असावा लागतो. वापरलेल्या कूलंटमध्ये तो हजारोंनी असतो. आळंदीला इंद्रायणीवर येणाऱ्या फेसाची कारणं अनेक आहेत, सगळं खापर कूलंटवर फोडणं चुकीचं ठरेल. पण रात्री गटारात रिकामं होणारं पिंप शेवटी कुठे जातं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.

करंज, कडुनिंबाच्या तेलापासून कटिंग फ्लुइड करण्यावर भारतात संशोधन झालं आहे, त्याला जरूर पैसा द्या. पण पाणी असंच जड राहिलं तर तेही टाकीत टिकणं अवघड आहे. पाण्याचं आधी बघायला हवं.

माझी मागणी एवढीच. भोसरीत एमआयडीसीच्या एका भूखंडावर सामायिक कूलंट केंद्र प्रायोगिक तत्त्वावर सुरू करावं. तिथे साधारण १०० पीपीएमचं पाणी मिळावं. अगदी शून्य पीपीएमचं नको, त्याने फेस होतो. आरओचं आणि साधं पाणी मिसळून ते सहज करता येतं. रिफ्रॅक्टोमीटर (कूलंटमधलं तेलाचं प्रमाण मोजणारं यंत्र) आणि पीएच मीटर घेऊन महिन्यातून एकदा शेडमध्ये येणारा एक माणूस असावा. वरचं तेल काढणारा बेल्ट स्किमर फिरत्या गाडीवर बसवून भाड्याने मिळावा, कारण चार मशीनवाल्याला तो विकत घेणं जड जातं. आणि पिंपभर कूलंटसुद्धा नेणारी गाडी ठरल्या वारी यावी. तेल वेगळं करून पाण्यावर पुढची प्रक्रिया केंद्रातच व्हावी. नीट सांभाळलेलं कूलंट कितीतरी जास्त दिवस चालतं, त्यामुळे गाडीला न्यायलाही कमीच उरेल.

फुकट काही नको. पाण्याचे लिटरमागे आणि कूलंट उचलण्याचे पिंपामागे जे दर ठरतील ते आम्ही भरू. जागा, सुरुवातीचं यंत्र आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी या तीन गोष्टी मात्र सरकारशिवाय होणार नाहीत. येत्या अर्थसंकल्पात त्यांची तरतूद व्हावी, ही विनंती.

आपला,
भोसरीतील एक लघुउद्योजक