तुम्ही ‘नाही’ म्हणालात, त्याबद्दल आभार

काका, साष्टांग नमस्कार.

आभाराचं पत्र असं चारचौघांत वाचलं जाणं तुम्हाला आवडणार नाही, हे मला माहीत आहे. पण समोर उभं राहून आभार मानायला जावं तर तुम्ही ‘बरं बरं’ म्हणता आणि पुढच्याच दमात ‘शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस मारलंस का?’ असं विचारता. (क्रॉस म्हणजे चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा सांधा.) मग बोलणं ग्रीसवर जातं ते तिथेच राहतं. म्हणून लिहूनच टाकते. शिवाय नुकतीच फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी, हातात आलेली, रात्ररात्र बंपर आणि टायरचे फोटो बघत बसणारी पोरंही हे वाचतील. तुमच्यासारख्या माणसाकडून नेमकं मिळतं काय, हे त्यांना कळलेलं बरं.

मला मिळाले ते बरेचसे नकार.

तुमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा माझ्यापाशी जुनी, लहानशी, पाट्यांवर, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांवर, चालणारी गाडी होती आणि एक लांबलचक यादी. गाडी उंच करणारी चार इंची लिफ्ट, मडगार्डखाली मावेल तेवढा मोठा टायर, रुतलेली गाडी ओढून काढणारं विंच, लोखंडी बंपर, टपावर कॅरियर आणि त्यावर दिव्यांची पट्टी. तुम्ही यादी शेवटपर्यंत वाचलीत, घडी करून खिशात घातलीत आणि विचारलंत, ‘हवा मोजायचं मीटर आहे का?’ तर माझ्या गाडीतलं पहिलं मॉडिफिकेशन म्हणजे हवेचं मीटर, आणि दुसरं बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर. फोटो काढून मिरवण्यासारखं त्यात काहीही नाही.

हवेचं ते प्रात्यक्षिक मात्र मी विसरणार नाही. टायरच्या पुढेमागे जमिनीवर तुम्ही खडूने रेघा मारल्यात, ३२ पीएसआयची हवा १६ वर आणलीत आणि पुन्हा रेघा मारल्यात. हवा कमी केली की टायर रुंद होतो असं सगळे धरून चालतात. प्रत्यक्षात तो लांबीला जास्त पसरतो, रणगाड्याच्या पट्ट्यासारखा. त्यामुळे वजन जास्त जागेवर विभागलं जातं आणि मऊ वाळूत चाक खणत बसण्याऐवजी वर राहतं. खडकावर तोच मऊ टायर दगडाच्या कोपऱ्याला बिलगतो. लगेच पुढची तंबीही मिळाली. फार खाली गेलीस तर जोरात वळताना टायर रिमवरून निसटेल. आणि डांबरी रस्ता लागला की आधी थांबून हवा भरायची, नाहीतर टायरची बाजूची भिंत वाकून वाकून तापते आणि फाटते. गर्दी जमवून ‘लॉकर बसवलाय’ (म्हणजे ॲक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं कुलूप) म्हणून सांगणाऱ्या कितीतरी गाड्यांमध्ये आजही मीटर नसतं. मी हल्ली आधी तेच बघते, आणि मग मनातल्या मनात गुण देते.

लिफ्टला तुम्ही नुसतं नाही म्हणाला नाहीत, हिशोब मांडून नाही म्हणालात, म्हणून मला तो नकार पटला. अखंड ॲक्सलच्या, म्हणजे दोन्ही चाकं एकाच कडक दांड्यावर असलेल्या गाडीत पाटे उंच केले की वर जाते ती चासी. डिफरन्शियलचा, म्हणजे ॲक्सलमधल्या गियरच्या डब्याचा, फुगवटा जमिनीपासून होता तेवढ्याच उंचीवर राहतो, आणि वाटेतला दगड बहुतेक वेळा त्यालाच लागतो. तो वर न्यायचा तर टायरचा व्यास वाढवावा लागतो, आणि त्यातही वाढलेल्या व्यासाचा निम्माच भाग पदरात पडतो. २१५/७५ आर १५ मापाच्या टायरचा व्यास साधारण ७०४ मिलिमीटर, २३५/७५ आर १५ चा साधारण ७३४. फरक ३० मिलिमीटरचा, ॲक्सल वर गेला १५. बदल्यात गियरिंग चार टक्क्यांनी लांबलं आणि आधी बरोबर असलेला वेगाचा काटा ६० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात साडेबासष्टच्या वेगाने धावू लागली. हे पंधरा मिलिमीटर तुम्ही मला दिलेत. चार इंच नाही दिलेत.

त्या चार इंचांसोबत काय काय आलं असतं, तेही तुम्ही गाडीखाली झोपवून एकेक भागावर बोट ठेवून दाखवलंत. प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो आणि क्रॉस लवकर जातात. चाक पूर्ण खाली लोंबकळलं की ब्रेकचा रबरी पाइप ताणला जातो. पुढच्या चाकांचा कॅस्टर, म्हणजे ती वळतात त्या आसाचा कल, बिघडला तर वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ यायला तयार नसतं. शिवाय अख्ख्या गाडीचं वजन उंचावर जातं, म्हणजे आडव्या उतारावर कलंडायची वेळ अलीकडे येते. मग आपण माझे जुने पाटे उतरवून सुटे केले. पात्यांच्या मधे इतका गंज साठला होता की ती एकमेकांवर सरकतच नव्हती. घासून, टोकांना नव्या पट्ट्या लावून, बुश बदलून ते परत बांधले आणि त्याच उंचीची गाडी खड्ड्यात चाक टेकवू लागली. चाक टेकलेलं असणं किती मोलाचं, हे साध्या डिफरन्शियलच्या गाडीत लगेच कळतं. असं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच पीळ देतं. एक चाक हवेत फिरत असेल तर जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळपास शून्य. लॉकर त्यावरचा उपाय आहेच. पण आधी चाक हवेत जाऊ देऊ नकोस, हा तुमचा क्रम.

जास्त ताकदीचं इंजिन मागितलं तेव्हा तुम्ही मला १९४१ च्या विलिज जीपचा हिशोब करायला बसवलंत. २.२ लिटरचं इंजिन, जेमतेम ६० अश्वशक्ती. पहिला गियर २.६६, ट्रान्सफर केसचा, म्हणजे दोन्ही ॲक्सलना ताकद वाटणाऱ्या गियरच्या डब्याचा, लो (हळू, जास्त ओढीचा गियर) १.९७, ॲक्सल ४.८८. गुणाकार साडेपंचवीसच्या आसपास येतो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे पंचवीसहून जास्त फेरे, आणि पीळही तेवढ्या पटीने. त्या मापाने १९७० ची सुझुकीची पहिली जिम्नी तर ३५९ सीसीच्या, दोन सिलिंडरच्या टू-स्ट्रोकवर निघाली होती. आणि २००३ साली जीपची रँग्लर रुबिकॉन आली तेव्हा तिच्या नावाचा गाजावाजा झाला तो कारखान्यातूनच आलेल्या ४:१ लो रेंजमुळे आणि दोन्ही ॲक्सलच्या लॉकरमुळे. ‘आता सांग, तुला इंजिन कशाला हवंय?’ असं तुम्ही विचारलंत. मला अजूनही हवंय, काका. फक्त चढासाठी नको, एवढं मान्य करते.

चढावरून आठवलं. एका उभ्या, सुट्या दगडांच्या चढावर अर्ध्यातच गाडी बंद पडली, तेव्हा तुम्ही खाली, बाजूला उभे होतात आणि एक शब्द बोलला नाहीत. सगळं शिकवून झालं होतं. ब्रेक पक्का दाबायचा, हँडब्रेक ओढायचा, लो रेंजमध्ये रिव्हर्स टाकायचा, क्लच पूर्ण सोडून मगच ब्रेक हळूहळू सोडायचा आणि इंजिनाच्या भरवशावर ज्या वाटेने वर आलो त्याच वाटेने सरळ मागे उतरायचं. न्यूट्रल नाही. वळवून खाली न्यायचा मोह तर अजिबात नाही, कारण उतारावर आडवी झालेली गाडी पलटायला फार वेळ घेत नाही. पाय थरथरत होते, पण क्रम डोक्यात पक्का होता. खाली आल्यावर तुम्ही फक्त म्हणालात, ‘आता उतर आणि चढ पायी बघून ये.’ चालत गेल्यावर दिसलं की डावीकडचा मोठा खडक टाळायचा नव्हता, त्याच्यावर चाक चढवायचं होतं. दगड चाकांच्या मधे घेतला तर तो पोटाला लागतो. चाकाखाली घेतला तर गाडीच उचलली जाते. दुसऱ्या खेपेला तुम्ही बोटांच्या खुणांनी वर घेतलंत आणि अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवू नकोस म्हणून तेवढे एकदा ओरडलात. जुन्या, पॉवर नसलेल्या स्टिअरिंगचं चक्र दगडावर झटका खाऊन फिरलं की अंगठा मोडतो.

ओरडण्यात तुमचा हात धरणारं कुणी नाही, तेही इथे सांगते. रुतलेल्या गाडीला ओढायला कुणीतरी ट्रेलरच्या टो बॉलमध्ये पट्टा अडकवत होतं, तेव्हाचा तुमचा आवाज पलीकडच्या टेकडीपर्यंत गेला असेल. टो बॉल ट्रेलरच्या संथ ओढीसाठी बनवलेला असतो. ताणला जाणारा पट्टा झटक्याने ओढला आणि तो गोळा तुटला, तर बंदुकीतून सुटल्यासारखा येतो, आणि काचेपलीकडे नेमका ड्रायव्हर बसलेला असतो. माणसं जीवानिशी गेली आहेत यात. त्या दिवसानंतर माझ्या गाडीला चासीच्या आरपार १०.९ ग्रेडच्या बोल्टनी बसवलेले, पुढेमागे दोन-दोन ओढण्याचे हूक आले. विंच त्यानंतर बऱ्याच काळाने आलं. शॅकलवर, म्हणजे पट्टा जोडायच्या लोखंडी कडीवर, कोरलेला टनांचा आकडा वाचायचा, ताणणारा पट्टा आणि न ताणणारा पट्टा यांची अदलाबदल करायची नाही, आणि ओढायला सुरुवात करायच्या आधी बघ्यांना पट्ट्याच्या लांबीहून लांब हाकलायचं. या हाकलण्यात मी आता चांगली तयार झाले आहे. लोक चिडतात. चिडू देत.

पाण्याच्या बाबतीत मी इंजिनाला वरून हवा देणारा स्नॉर्केल मागितला होता. तुम्ही आधी ॲक्सल, गियरबॉक्स आणि ट्रान्सफर केसच्या ब्रीदरना, म्हणजे हवा आत-बाहेर जायच्या भोकांना, लांब नळ्या जोडून त्या वर, इंजिनच्या खोलीत नेऊन बांधल्यात. चालून तापलेला ॲक्सल थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. महिन्याभराने ऑइल दुधासारखं पांढरं दिसतं आणि तोवर बेअरिंगची वाट लागलेली असते. स्नॉर्केल नंतर बसवला, तोही एअर फिल्टरच्या डब्यापर्यंतचा प्रत्येक जोड हाताने तपासून. इंजिनात पाणी गेलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारायचा नाही, हे वाक्य तुम्ही माझ्याकडून पाठ करून घेतलंत.

आणि वेल्डिंग. खरं तर सगळ्यात मोठे आभार याचेच. हातात होल्डर देण्याआधी तुम्ही किती तरी दिवस मला नुसतं घासायला लावलंत. रंग, गंज, जस्ताचा मुलामा, सगळं चकचकीत लोखंड दिसेपर्यंत. जस्त जळल्याचा धूर छातीत गेला की रात्री ताप भरतो, म्हणून मास्क लावूनच. बॅटरीची वायर काढायची, अर्थिंगचा चिमटा टाक्याच्या जवळच लावायचा, म्हणजे करंट बेअरिंगमधून किंवा इलेक्ट्रॉनिक्समधून वाट काढत नाही. ब्रेकची नळी आणि डिझेलची टाकी कुठे आहे ते आधी बघायचं, आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवायचा. चासीला पडलेल्या चिरेवर मी चौकोनी पट्टी कापून आणली, तर तुम्ही तिची टोकं तिरकी कापायला लावलीत. उभा, सरळ टाका चासीला आडवा गेला तर तापून कमजोर झालेली सगळी जागा एकाच रेषेत येते आणि चासी पुढे तिथेच तुटते. तिरक्या टोकांमुळे भार एका जागी साचत नाही. चिरेच्या टोकाशी भोक पाडून ती आधी थांबवायची, हेही तेव्हाच. स्टिअरिंगच्या आणि ब्रेकच्या भागांना मात्र तुम्ही मला आजतागायत होल्डर लावू दिलेला नाही. ‘तो भाग बदलायचा, जोडायचा नाही.’ यावर मी वाद घालणं सोडून दिलंय.

दिव्यांची पट्टी मात्र तुम्ही हसत हसत बसवून दिलीत, रिले आणि फ्यूजसकट. तेवढा लाड झाला. आणि आखलेली वाट सोडून कुणी हिरवळीत चक्रं मारायला लागलं, तर तुम्ही त्याच्यासोबत पुन्हा कधी निघत नाही, हे मी बघितलंय. त्यावर तुम्ही भाषण दिल्याचं आठवत नाही. पुढच्या वेळी तुम्ही त्याला बोलावलं नाहीत, एवढंच.

एका गोष्टीवर आपलं अजून जुळलेलं नाही, तेही उघडच लिहिते. विंचला तुमचा पोलादी तार-दोरच बरा, हे मला पटत नाही. तो दगडावर घासला तरी टिकतो, उन्हाने खराब होत नाही, सगळं खरं. पण त्याच्या तुटक्या तारा हातमोज्यातून आत शिरतात, आणि तुटला तर तो जेवढी ताकद घेऊन उलटा येतो, त्याच्यापुढे सिंथेटिक दोर हलका आणि कमी घातक आहे. कडेवर घासू नये म्हणून त्याला म्यान घालेन, चिखल धुऊन काढत जाईन, दोर ज्यातून बाहेर येतो ते गुळगुळीत फेअरलीड बसवेन. जुन्या रोलरवर तारेने पाडलेल्या खाचा नव्या दोराला कापतात, हे तुम्हीच सांगितलं होतंत, तेव्हा रोलरही जाणार. येत्या रविवारी विंच उतरवते आहे. रागवायचं असेल तर पाने घेऊन या आणि तिथेच रागवा. ड्रमचे बोल्ट माझ्या एकटीने सुटणार नाहीत.

तुमची,
गाडीखालची पोर

ता. क. क्रॉसला ग्रीस मारलंय.