कर्जरोख्यांचा राखीव निधी कुणाच्या सोयीसाठी काढलात? केंद्रीय अर्थमंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय अर्थमंत्री महोदया,

सविनय नमस्कार.

एका बुडालेल्या वित्त कंपनीच्या कर्जरोख्यांची (डिबेंचरची) 'अंतिम' रक्कम गेल्या आठवड्यात माझ्या खात्यात जमा झाली. रुपयाला चार आणेसुद्धा नाहीत. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण माझे भांडण एका कंपनीशी नाही.

मी सांगलीत अकरावी-बारावीला वाणिज्य शिकवत असे. कर्जरोखेधारक हा कंपनीचा धनको, त्याचा हक्क भागधारकाच्या आधी, हे फळ्यावर लिहून शिकवले. त्याच विश्वासाने ग्रॅच्युइटी कंपनीच्या खुल्या विक्रीत गुंतवली. पतमानांकन, म्हणजे कर्ज फेडण्याच्या क्षमतेला दिलेली श्रेणी, उत्तम होते, रोखेधारकांचे हित पाहायला विश्वस्त नेमलेला होता, जाहिरात बाजार नियामक सेबीच्या नियमांप्रमाणे होती. आता माझ्या यजमानांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया पुढे ढकलली आहे. हे काठी टेकत जिना उतरतात आणि पैशांचा विषय मुद्दाम काढत नाहीत. मला ते बोलण्यापेक्षा जास्त लागते.

हे संकट आभाळातून पडलेले नाही. शेअरचा भाव घसरला की भांडवलात कर्जाचा वाटा वाढतो आणि भावाचे पुढचे हेलकावे आणखी मोठे होतात, हे अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ फिशर ब्लॅक यांनी 1976 सालीच मांडले होते. कारण कर्जच की आणखी काही, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. पण घसरणीमागून अस्थिरता वाढते, हे आकड्यांनी वारंवार दाखवले आहे.

आपल्याकडे तर 2018 साल पुरेसे आहे. पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या आयएल अँड एफएसवर 91,000 कोटींच्या आसपास कर्ज होते आणि हप्ते थकेपर्यंत मानांकन सर्वोच्च होते. मग 21 सप्टेंबरला एका म्युच्युअल फंडाने डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीचे कमर्शियल पेपर (अल्पमुदतीचे कर्जरोखे) चढ्या व्याजदराने, म्हणजे स्वस्तात, विकल्याची बातमी फुटली. त्या एका दिवसात तो शेअर 40 टक्क्यांहून जास्त कोसळला आणि सेन्सेक्स हजारावर अंकांनी खाली जाऊन परत वर आला. अशा कंपन्यांची रीत हीच: काही महिन्यांच्या मुदतीने पैसे उचलायचे, पंधरा-वीस वर्षांची गृहकर्जे द्यायची आणि जुने फेडायला पुन्हा नवे कर्ज काढायचे. बाजाराने नवे द्यायला नकार दिला त्या दिवशी सगळे उघडे पडले.

यानंतर वर्षाच्या आत सरकारने काय केले? वित्त कंपनीने जनतेला कर्जरोखे विकले तर त्यांच्या 25 टक्के इतका राखीव निधी नफ्यातून उभा करण्याचे बंधन होते. जुलै 2019 च्या अर्थसंकल्पी भाषणात ते काढण्याचे वचन तुम्ही दिलेत आणि ऑगस्टमध्ये पाळलेतही. कंपनी व्यवहार खाते तुमच्याकडेच आहे. त्या वर्षी फेडायच्या रकमेच्या 15 टक्के बाजूला ठेवण्याची अट तेवढी उरली. राखीव निधी म्हणजे तिजोरीतली रोकड नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण तेवढा नफा लाभांश म्हणून वाटून टाकता येत नव्हता. ते कुंपण कंपन्यांना कर्ज स्वस्तात मिळावे म्हणून काढलेत. कंपन्यांना दिलेले वचन दीड महिन्यात पुरे होते. ठेवीदारांच्या संरक्षणाचे वचन आम्ही भाषणांत ऐकतो आणि निकाल लागायला वर्षे जातात.

आता दार आणखी उघडले आहे. निवडक गुंतवणूकदारांना खासगीत विकायच्या एका रोख्याचे दर्शनी मूल्य दहा लाखांवरून एक लाख आणि 2024 मध्ये दहा हजारांवर आणले. म्हणजे माझ्यासारखीच माणसे आत येणार. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, या रोख्यांना एक रुपयाचाही नाही. मानांकनाची फी अजूनही रोखे काढणारी कंपनीच देते. आयएल अँड एफएस प्रकरणात सेबीने 2019 मध्ये मानांकन संस्थांना आधी दंड किती केला? प्रत्येकी 25 लाख. पुढे तो वाढवला, तरी 91,000 कोटींपुढे तो काय आहे?

मला भीक नको. जनतेला विकलेल्या रोख्यांसाठी राखीव निधी परत आणा. दिवाळखोरीत धनकोंच्या मतदानात किरकोळ रोखेधारकांचा वेगळा गट करा, बँकांच्या मतांखाली आमचे मत चिरडले जाते. कंपनी किती अल्पमुदतीच्या कर्जावर उभी आहे, हे दर महिन्याला मराठीतही, पहिल्या पानावर छापायला लावा.

कर्ज बुडवणारे प्रवर्तक नव्या नावाने पुन्हा उभे राहतात, सल्लागार आणि वकील आपली फी सर्वांच्या आधी घेऊन जातात, कारण कायद्यातच तो क्रम लिहिला आहे. त्या क्रमात आम्ही कुठे आहोत हे बचत गोळा करताना कुणी सांगत नाही. 'आपला अर्ज संबंधित विभागाकडे वर्ग केला आहे' हे उत्तर मला पाठवू नका, ते माझ्याकडे आहे. राखीव निधी काढताना किरकोळ गुंतवणूकदारांपैकी कुणाला विचारले होते, तेवढे लेखी कळवा.

आपली,
एक निवृत्त वाणिज्य शिक्षिका, सांगली