खाल्ल्या घरचे वासे

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

आपला संघ सोडून रेल्वेकडून क्रिकेट खेळण्याच्या नोकरीचे पत्र तू दाखवलेस तेव्हा 'खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत' असे मी जेवताना फटकन बोलून गेलो. ते शब्द मला मागे घ्यायचे आहेत. समोर बसून ते मला जमणार नाही, म्हणून हे पत्र.

30 ऑक्टोबर 2025 ची नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरील महिला विश्वचषकाची भारत-ऑस्ट्रेलिया उपांत्य लढत आठव. शेफाली पायचीत झाली. मग स्मृती मानधनाच्या बॅटला चेंडू पुसटसा लागून गेल्याचे ऑस्ट्रेलियाने रिव्ह्यू घेऊन सिद्ध केले, तेव्हा आपल्या ओळीतली उभी असलेली माणसे एकेक करून खाली बसली. दोन्ही बळी ऑस्ट्रेलियाच्या किम गार्थचे होते. पुढे जेमिमाच्या नाबाद 127 धावांपुढे तिचे नाव मागे पडले, पण 'ही मुळात डब्लिनची आहे, बाबा' हे तुझे वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही, आणि नंतर मी तिच्याविषयी मिळेल ते वाचत राहिलो.

तिचे आई-वडील दोघेही आयर्लंडकडून खेळलेले. ती स्वतः 2010 मध्ये, अवघ्या चौदाव्या वर्षी, आयर्लंडच्या संघात आली आणि दहा वर्षे नवा चेंडू हाती घेत राहिली. मात्र 2019 पर्यंत तिथल्या महिला खेळाडूंना करारच नव्हते, आणि त्या वर्षी जे मोजके करार झाले तेही अर्धवेळ. कसोटीचे तर विचारूच नकोस. आयर्लंडच्या महिलांनी 2000 साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या मैदानावर पाकिस्तानला डावाने हरवले, इझोबेल जॉइसने 21 धावांत सहा गडी टिपले, पण किमच्या आयरिश कारकिर्दीत तशी संधी एकदाही आली नाही. जिंकूनही पुढचा सामना मिळू नये, यासारखे दुर्दैव नाही.

जून 2020 मध्ये, चोविसाव्या वर्षी, तिने ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया संघाचा दोन वर्षांचा करार स्वीकारला. म्हणजे आई-वडिलांनी घातलेली आणि स्वतः दहा वर्षे मिरवलेली हिरवी जर्सी तिने उतरवली, तीही ऑस्ट्रेलियाची पिवळी जर्सी मिळेलच याची खात्री नसताना. आयर्लंडने पूर्णवेळ करार दिले ते मार्च 2022 मध्ये. तोवर ती निघून गेली होती. तिला कृतघ्न म्हणणाऱ्याला मी हीच दोन सालं दाखवीन.

2022 च्याच डिसेंबरात ऑस्ट्रेलियाच्या टी-ट्वेंटी संघात ती प्रथम उतरली, तीही आपल्या नेरूळलाच. पुढच्या मार्चमध्ये याच मैदानावर महिला प्रीमियर लीगमध्ये गुजरातकडून खेळताना तिने यूपीचे पाच गडी बाद केले, त्यांत आपल्या सोलापूरकडची किरण नवगिरेही होती. तो सामना यूपीच्या ग्रेस हॅरिसने एक चेंडू राखून हिसकावून नेला, हे तुला सांगायला नकोच. त्या रात्री तू रागाने जेवली नव्हतीस. जून 2023 मध्ये ट्रेंट ब्रिजवर तिला पहिली कसोटी मिळाली आणि डिसेंबरात वानखेडेवर ती पुन्हा पांढऱ्या कपड्यांत दिसली.

तुझी गोष्ट एवढी मोठी नाही. तुला देश सोडायचा नाही, फक्त टोपी बदलायची आहे, आणि दरमहा पगार घेऊन सराव करायचा आहे. तरीही ज्या सरांनी तुला पहाटे पाचला नेटमध्ये उभे केले त्यांना वाईट वाटेल, आणि ते वाटू दे. त्यांना फोनवर न कळवता घरी जाऊन सांग. मी सोबत येईन, पण बोलायचे तू.

ना-हरकत प्रमाणपत्राचा अर्ज देवघराशेजारच्या खणात आहे. पालकाच्या सहीची जागा त्यात नाही, हे पाहून आधी थोडे वाईट वाटले, मग हसू आले.

तुझा,
बाबा