कांजिण्या, परीक्षा आणि पालक

मा. संपादक,
स.न.वि.वि.

थंडी सरता सरता कांजिण्यांची साथ येते, आणि त्याच सुमारास वार्षिक परीक्षाही. मग पेपर बुडू नये म्हणून ताजे फोड अंगावर असलेले मूल पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून वर्गात बसते. उलट काही शाळा शेवटची खपली गळेपर्यंत मुलाला आत घेत नाहीत. दोन्ही चूक आहे. पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, म्हणजे पुरळ आल्यापासून साधारण ५ ते ७ दिवस, मुलापासून संसर्ग होतो. नवा फोड येणे थांबले आणि सगळ्यांवर खपली धरली की मूल शाळेत जाऊ शकते. कोरड्या खपल्यांतून आजार पसरत नाही.

ओळखण्यासाठी मुलाचा शर्ट काढून उजेडात पाठ, पोट आणि केसांची मुळे पाहावीत. आधी लालसर ठिपका, काही तासांत त्यावर दवाच्या थेंबासारखा नाजूक फोड, मग आतले पाणी गढूळ होऊन खपली. नवे फोड तीन-चार दिवस येत राहतात, म्हणून वीतभर जागेत ठिपका, पाणीदार फोड आणि खपली एकाच वेळी सापडतात. हीच खरी खूण. लस घेतलेल्या मुलांना थोडेच आणि बरेचदा पाणी न भरलेले ठिपके येतात. डास चावला असेल म्हणून ते सोडून दिले जातात, पण त्यांच्यापासूनही लागण होते.

तापाला फक्त पॅरासिटामॉल द्यावे, दर किलो वजनाला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत सहा तासांचे अंतर ठेवून. बाटलीवरची मात्रा वाचलीच पाहिजे. दहा किलोच्या मुलाला ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असलेले सिरप जास्तीत जास्त ६ मिलिलिटर चालते, २५० मिलिग्रॅमवाले मात्र ३ मिलिलिटरच. ॲस्पिरिन देऊ नये. यकृत आणि मेंदूला घातक ठरणारा रेज सिंड्रोम होऊ शकतो. आयब्युप्रोफेनही टाळावे, कारण त्वचेखालच्या गंभीर जंतुसंसर्गाशी त्याचा संबंध आढळला आहे. दुकानातून सहज मिळणाऱ्या तापाच्या अनेक सिरपांत पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन एकत्र असतात, तेव्हा घटक तपासून घ्यावेत.

आंघोळ बंद ठेवण्याची रीत पुष्कळ घरांत अजून आहे. तिचा तोटाच होतो, कारण घाम आणि मळ साचून खाज वाढते आणि खाजवलेल्या फोडांत जंतू शिरतात. मुलांमध्ये सर्वाधिक गुंतागुंत याच कारणाने होते. रोज कोमट पाण्याने अंघोळ घालावी, अंग न घासता मऊ सुती कापडाने टिपून घ्यावे, खाजेला कॅलामाइन लावावे, नखे कापावीत. अंथरुणावर कडुलिंबाचा पाला ठेवायला हरकत नाही. त्याने अंग चोळू मात्र नये. मीठ, फोडणी बंद करण्याचेही कारण नाही. तोंडात फोड असतील तर मऊ भात, ताक, पेज द्यावी.

ताप चार दिवसांपेक्षा जास्त टिकला किंवा उतरून पुन्हा चढला, फोडाभोवती त्वचा लाल, गरम आणि दुखरी झाली, सतत उलट्या, गुंगी, चालताना तोल जाणे, धाप लागणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. तेरा वर्षांवरील मुले आणि प्रौढ यांनी पुरळ दिसताच जावे. असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध पहिल्या २४ तासांत सुरू केले तर अधिक उपयोगी पडते. कांजिण्या न झालेली गर्भवती, नवजात बाळ, कर्करोगाचे उपचार किंवा स्टेरॉइड चालू असलेले मूल यांचा कांजिण्यांच्या रुग्णाशी संपर्क आला असेल, तर पुरळाची वाट न पाहता सल्ला घ्यावा.

लस दोन डोसांची आहे, सरकारी मोफत लसीकरणात नाही. लस न घेतलेल्या निरोगी मुलाला संपर्कानंतर ३, फार तर ५ दिवसांत ती दिली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. ही मुदत फार थोडी आहे. तेव्हा वर्गात पहिली लागण कळताच शाळेने, मुलाचे नाव न सांगता, त्याच दिवशी सर्व पालकांना निरोप द्यावा. आणि बुडालेला पेपर नंतर घेतला जाईल हेही त्याच निरोपात लिहावे. नाहीतर पालक लपवतच राहतील.

– एक बालरोगतज्ज्ञ