सीझन संपला, आता वही उघड

सातारा,
१२ जुलै २०२५

चि. छोटीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "बाबा, लग्नांचा सीझन मस्त गेला, एकही तक्रार नाही." ऐकून बरं वाटलं, आणि थोडी धास्तीही वाटली. तीस वर्षं मंगल कार्यालय सांभाळलं, त्यावरून सांगतो, पाठवणीच्या वेळी कुणीच तक्रार करत नाही. मुलीच्या बापाचे डोळे भरलेले असतात. तुझे दोन्ही हात धरून तो "सगळं छान केलंत हो" म्हणतो. घरी जाताना गाडीत त्याचा भाऊ विचारतो, "मठ्ठा मिळाला का रे कुणाला?" हे तुझ्या कानावर येत नाही. दोन वर्षांनी त्या भावाच्या मुलीचं लग्न दुसरंच कुणीतरी करतं, तेव्हाही कारण कळत नाही.

मे महिन्यात तू आयोजन केलेलं ते मुळशीकडचं लग्न आठव. तू मला पाहुणा म्हणून बोलावलं होतंस, मी मुद्दाम मागच्या रांगेत बसलो होतो. पत्रिकेत मुहूर्त १२ वाजून ४१ मिनिटांचा. नवरीची एन्ट्री, तो धूर, मग ड्रोनवाल्याला हवं म्हणून पुन्हा एकदा एन्ट्री. अक्षता पडल्या १ वाजून ८ मिनिटांनी. शेजारच्या आजींच्या मुठीतल्या अक्षता घामाने चिकटून गोळा झाल्या होत्या, शेवटी त्यांनी त्या रुमालात बांधून ठेवल्या. गुरुजी रागावले होते, मंगलाष्टकं दोनच म्हणून मोकळे झाले. काम चालू असताना बोलू नये म्हणून मी तेव्हा गप्प बसलो. संध्याकाळी तू कौतुकाने मोबाईलवर कामांची शीट दाखवलीस, तर तिथे "मुहूर्त" पुढे हिरवी खूण. झालं की नाही एवढंच तुझी शीट विचारते. किती वाजता झालं, तोवर कोण उन्हात बसलं होतं, हे तिला ठाऊकच नाही.

आमच्या वहीत तीनच रकाने असत. काय उरलं, काय कमी पडलं, कोण ताटकळलं. भांडी मोजून झाली की त्याच रात्री आचारी, वाढप्यांचा मुकादम आणि वॉचमन यांना चहाला बसवायचो. वॉचमन हवाच, कारण गेटबाहेर पडताना लोक खरं बोलतात. यजमानांना चार दिवसांनी फोन करायचो, मांडव परतणं वगैरे आटोपलं की. तोवर त्यांचंही डोकं थंड झालेलं असतं. "काही राहिलं का?" असं विचारलं की "छे छे" हेच उत्तर येतं. म्हणून विचारायचो, "तुम्ही स्वतः किती वाजता जेवलात?"

या प्रश्नाची गंमत ऐक. एका चातुर्मासात वही घेऊन बसलो तर नवरीच्या आईवडिलांच्या जेवणाची वेळ पानोपानी चार, साडेचार. शेवटच्या पंगतीला गार वरणभात. तेव्हापासून मुहूर्त लागला की त्यांची दोन ताटं मागच्या खोलीत झाकून ठेवायची आणि एका वाढप्याने त्यांना हाताला धरून नेऊन बसवायचं, असा नियमच केला. खर्च शून्य. पण त्यावर कार्यालयाला किती कामं मिळाली म्हणून सांगू!

त्याच वर्षी दुसरंही सापडलं. जिलेबी घमेली भरून उरायची आणि मसालेभात दुसऱ्या पंगतीला तळाला जायचा. मी आचाऱ्याला तांदूळ वाढवायला सांगणार होतो. तो म्हणाला, "साहेब, जिलेबी उशिरा निघते, तोवर वाढपी भाताचाच आग्रह करत राहतात, पोटात जागा कुठंय?" कढई अर्धा तास आधी चढवली, तांदूळ होता तेवढाच पुरला. एका लग्नात हे कळलं नसतं. एकदा कमी पडलं तर माणूस म्हणतो, पाहुणे जास्त आले. चाळीस पानं ओळीने वाचली तेव्हा दिसलं.

पैशाचंही बघ. कोटेशन तू दिवाळीत देतेस आणि फुलं घेतेस मेमध्ये. दाट मुहूर्ताच्या दिवशी मार्केट यार्डात झेंडू आणि निशिगंधाचे भाव कुठल्या कुठे जातात, तो फरक आजवर तूच भरत आलीस. १८ टक्के जीएसटी धरून की वगळून, हे तोंडी ठेवू नकोस. नाशिकच्या पार्टीशी बिनसलं ते त्यावरूनच ना? आणि प्रत्येक लग्नाचा हिशेब वेगळा मांड, त्यात तुझा पगारही लिही. तो न लिहिता जे उरतं त्याला तू नफा म्हणतेस.

नियम बदलतात, तेही दरवर्षी एकदा तपासून घे. २०१८ च्या मार्चमध्ये थर्माकोलवर बंदी आली तेव्हा आमचा माळा खांबांनी आणि कमानींनी भरलेला होता, सगळं भंगारात गेलं. एप्रिल २०२१ मध्ये पंचवीस माणसं आणि दोन तास, तेवढ्यातही लग्नं लावली. पंचांग मात्र आधी सांगून ठेवतं. २०२४ चा मे गुरू-शुक्राच्या अस्ताने कोरडा गेला, तेव्हा तू हॉलचे इसार देऊन बसली होतीस. पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. म्हणजे एप्रिलात आणि मेच्या सुरुवातीला गर्दी होणार. मुहूर्त न पाहणारी गिऱ्हाइकं तुझ्याकडे किती, ते आत्ताच मोज. डेकोरेटर आणि फेटेवाला यांच्या तारखा श्रावणातच धरून ठेव. मागच्या वेळी एकाच टीमला एका दिवशी दोन लग्नांत पळवलंस, ती पोरं संध्याकाळी उपाशी होती. मला त्यांनीच सांगितलं, तू विचारलं नव्हतंस.

आता तुळशीचं लग्न लागेपर्यंत मोकळी आहेस. तुझ्या टीमच्या पोरांना एक दिवस घरी जेवायला बोलाव आणि एकेक लग्न काढून बोलतं कर. तू कमी बोल, हे जमणार नाही तुला, पण प्रयत्न कर.

माझी २००६ ची वही पाठवतोय, अक्षर लागलं नाही तर फोन कर. आईने आषाढाच्या कापण्या तळल्यात. डबा आणि वही एकाच पिशवीत, उद्या सकाळच्या एसटीने स्वारगेटला. वही प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली आहे, तरी डबा सरळ धर, तेल झिरपतं.

तुझे,
बाबा